वाचकांचा कौल आणि बातमीचे स्थान

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कोणती बातमी असावी, हा निर्णय परंपरेने संपादकीय विभागाच्या बैठकीत होतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र महाजालावर वेगळी पद्धत रूढ झाली. वाचकाने बातमीचा दुवा सुचवायचा, इतर वाचकांनी त्याला पसंतीचे मत द्यायचे आणि अधिक मते मिळालेली बातमी आपोआप वर यायची, असे तिचे स्वरूप होते. 'सोशल न्यूज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीकडे प्रारंभी साशंकतेने पाहणाऱ्या प्रस्थापित प्रकाशकांनी पुढे ती अंगीकारली. तिची वाटचाल जगभरच्या मोठ्या वृत्तपत्रांत घडली असली, तरी तिच्यातून निर्माण होणारा प्रश्न रोह्यालगतच्या धाटावसारख्या छोट्या गावाला अधिक जवळचा आहे.

पेणचे भाऊ महाजन

वाचकाला वृत्तपत्रात स्थान देण्याची कल्पना मराठीला नवी नाही. मूळचे पेणचे गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक सुरू केले. गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने लिहिलेली शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात याच साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. समाजाच्या दोषांवर कठोर टीका करणारी ही १०८ पत्रे सर्वांना रुचणारी नव्हती. वाचकांची मते मोजून त्यांची निवड झाली असती, तर त्यांतील किती छापली गेली असती, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पत्रलेखकाला जागा देणे आणि त्या पत्राची जबाबदारी स्वीकारणे, ही दोन्ही कामे संपादकाने केली.

पुढे 'सकाळ'ने १९३२ पासून गावोगावच्या बातमीदारांचे जाळे विणून स्थानिक बातमीला प्रतिष्ठा दिली. रायगड जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली सुरू केलेल्या 'कृषीवल'ने शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. वाचकांचा सहभाग या सर्व ठिकाणी होता; बातमीचा क्रम मात्र संपादकच लावत.

पसंतीचे बटण

'डिग' हे संकेतस्थळ २००४ साली आणि 'रेडिट' २००५ साली सुरू झाले. 'वोग' आणि 'द न्यूयॉर्कर' यांसारखी नियतकालिके प्रसिद्ध करणाऱ्या 'काँडे नास्ट'ने ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिट विकत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या बातम्यांखाली डिग, फेसबुक व न्यूजवाइन यांची बटणे दिली. मार्च २००७ मध्ये 'यूएसए टुडे'ने संकेतस्थळाची नवी रचना करताना वाचकांना प्रतिक्रिया नोंदवण्याची व बातम्यांची शिफारस करण्याची सोय केली. न्यूजवाइन त्याच वर्षी 'एमएसएनबीसी डॉट कॉम'च्या मालकीचे झाले. वाचक बातमी शोधत आपल्याकडे येईल, हा भरवसा उरला नव्हता. वाचक जेथे जमतो तेथे बातमी नेणे प्रकाशकांना आवश्यक वाटू लागले होते.

मराठी दैनिकांच्या इंटरनेट आवृत्त्यांवरही हे वारे पोहोचले. होय किंवा नाही असे उत्तर मागणारा दिवसाचा कौल, सर्वाधिक वाचलेल्या बातम्यांची यादी आणि वाचकांच्या प्रतिक्रिया हे त्यांचे परिचित घटक झाले. 'सकाळ'मधील 'मुक्तपीठ' या वाचकांच्या सदराखाली इंटरनेट आवृत्तीत रंगणाऱ्या प्रतिक्रिया अनेकदा मूळ लेखाहून अधिक चर्चिल्या जात.

मोजणीतील खाचखळगे

मत मोजणे वरकरणी सोपे दिसते. पण प्रत्येक मताचे वजन सारखे नसते. रेडिटच्या सार्वजनिक झालेल्या जुन्या सूत्रानुसार पहिल्या दहा मतांना जेवढे वजन, तेवढेच पुढच्या नव्वद मतांना मिळून असे. शिवाय साडेबारा तासांनी उशिरा आलेली बातमी दहापट मते मिळवलेल्या जुन्या बातमीच्या बरोबरीला येई. साहजिकच ताज्या आणि चटकन आवडणाऱ्या मजकुराला या रचनेचा लाभ होतो.

पहिल्या मताचा प्रभाव २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आला. एका सोशल न्यूज संकेतस्थळावरील काही प्रतिक्रियांना संशोधकांनी आरंभीच एक कृत्रिम पसंतीमत दिले. त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पुढचा वाचक स्वतंत्रपणे मत देतो, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत होते.

मतदार कोण, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. जगातील नव्या सात आश्चर्यांसाठी २००७ साली झालेल्या मतदानात ताजमहालला निवडून देण्याची आवाहने भारतभर झाली. इंटरनेट आणि एसएमएसद्वारे झालेल्या त्या मतदानात एकाच व्यक्तीला अनेक मते देता येत होती. युनेस्कोने या उपक्रमाशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले होते. अशा कौलातून उत्साह कळतो. लोकमताचे प्रमाण कळत नाही.

प्रकाशकांचा अतिरेकही घातक ठरू शकतो. डिगने ऑगस्ट २०१० मध्ये नवी रचना आणून प्रकाशकांना आपल्या बातम्या थेट पाठवण्याची मुभा दिली. वाचकांच्या निवडीचे ठिकाण प्रसिद्धीचे फलक झाल्याची भावना सदस्यांत पसरली आणि त्यांनी निषेध म्हणून पहिले पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले. पुढे वाचक ओसरत गेले आणि २०१२ साली डिगचे नाव व संकेतस्थळ सुमारे ५ लाख डॉलरना विकले गेले. याउलट रेडिटवर प्रत्येक विषयाचे स्वतंत्र दालन आणि त्याचे स्वतंत्र नियम होते. मार्च २०२४ मध्ये या कंपनीच्या समभागांची अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदणी झाली.

पसंतीऐवजी माहिती

वाचकांच्या मताचा अधिक सकस उपयोग ब्रिटनमधील 'गार्डियन'ने जून २००९ मध्ये केला. खासदारांच्या खर्चाची साडेचार लाखांहून अधिक पाने उघड झाली होती. इतकी कागदपत्रे तपासणे पत्रकारांच्या आवाक्याबाहेरचे होते. वृत्तपत्राने ती वाचकांपुढे ठेवली आणि प्रत्येक पान महत्त्वाचे आहे का, त्याचा तपास व्हावा का, हे सांगण्यासाठी बटणे दिली. हजारो वाचक कामाला लागले. येथे मतदान लोकप्रियतेसाठी नव्हते. पत्रकाराने कोठे पाहावे, हे त्यातून कळत होते. तपास करून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी वृत्तपत्राकडेच राहिली.

धाटावची बातमी वर कशी येणार?

धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील या वसाहतीत रासायनिक कारखाने असून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. सांडपाणी, पाण्याचा दर्जा आणि कारखान्यांतील सुरक्षितता हे येथील जिव्हाळ्याचे विषय. ते नदीकाठच्या गावांच्या आरोग्याशी निगडित आहेत. पण राज्यभरातील वाचकांच्या दृष्टीने दूरचे आहेत. समजा, पाण्याविषयीच्या बातमीला परिसरातील दोनशे वाचकांनी मत दिले आणि त्याच दिवशी एखाद्या चित्रपट कलाकाराच्या विवाहाला वीस हजारांनी पसंती दिली, तर एकत्रित यादीत पाण्याची बातमी दिसणारही नाही. नदीचे प्रदूषण वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे ताजेपणाला झुकते माप देणाऱ्या सूत्रातही ते मागे पडते.

मतदानाला अर्थ केव्हा येतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाविषयी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील ही गावे होती. प्रश्न एकच आणि स्पष्ट होता. मत देणारे ज्यांच्या जमिनी जाणार होत्या तेच होते. मत नोंदवणाऱ्यांत विरोध करणाऱ्यांची मोठी बहुसंख्या होती आणि तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारणे, हे त्या कौलाचे बळ होते.

प्रकाशकांना यातून मार्ग काढता येतो. जिल्हा व तालुका आवृत्त्यांच्या पानांवर त्या-त्या भागातील वाचकांचा कौल स्वतंत्रपणे मोजणे, एका वाचकाला एकच मत देणे, कोणती बातमी आवडली याऐवजी कशाचा तपास व्हावा असे विचारणे आणि मोजणीचे नियम उघड ठेवणे, एवढे केले तरी धाटावच्या दोनशे मतांना वजन येईल. ज्या बातमीला मते मिळत नाहीत, पण जिच्यावाचून गावाचे नुकसान होते, तिला जागा देण्याचे काम तेव्हाही संपादकालाच करावे लागेल. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'ने ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी केले होते.