मल्टिपल स्क्लेरोसिस : प्रतिकारक पेशींची भूमिका

मेंदू, मेरुरज्जू आणि दृक्‌चेता यांतील तंतूंवर मायलिन हे स्निग्ध आवरण असते. शरीराच्याच प्रतिकारक पेशींनी हे आवरण नष्ट करण्याचा दीर्घकालीन विकार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस). आवरण गेले की चेतासंदेश मंदावतात किंवा अडतात. दृष्टी अंधुक होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे ही लक्षणे दिसतात. फ्रेंच वैद्य झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये मेंदूतील टणक चट्ट्यांशी या लक्षणांची सांगड घातली. विकार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. स्त्रियांत तो अधिक आढळतो.

टी पेशी : टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात निरोगी मेंदूचा अर्क माकडांना वारंवार टोचला, तेव्हा त्यांच्या मेंदूत दाह होऊन मायलिन झडले. स्वप्रतिकाराची कल्पना अशा प्रयोगांतून बळावली. एमएसमध्ये लसीकाग्रंथींत उद्दीपित झालेल्या सीडी४ टी पेशी रक्त-मेंदू अडसर ओलांडतात आणि इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-१७ अशी दाहकारक द्रव्ये स्रवतात. चट्ट्यांत मात्र सीडी८ टी पेशी संख्येने जास्त असतात. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना धोका अधिक असतो.

बी पेशी : बहुतेक रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात प्रतिपिंडांचे विशिष्ट पट्टे सापडतात; त्यामुळे बी पेशींचे काम प्रतिपिंडे बनवण्यापुरतेच मानले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिटुक्सिमॅबने बी पेशी हटवताच नवे चट्टे झपाट्याने घटले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींना हे औषध स्पर्श करत नाही. म्हणजे टी पेशींना चिथावणे, हीच बी पेशींची मोठी कामगिरी ठरली. एपस्टाइन-बार विषाणू याच पेशींत आयुष्यभर दडून राहतो. अमेरिकी सैन्यातील १ कोटीहून अधिक व्यक्तींच्या २०२२ मधील अभ्यासात या विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला आढळला.

मेंदूतील निवासी पेशी : मायक्रोग्लिया या मेंदूतच राहणाऱ्या प्रतिकारक पेशी आणि रक्तातून आलेल्या महाभक्षी पेशी मायलिन गिळतात. जुन्या चट्ट्यांच्या कडेला मायक्रोग्लिया धुमसत राहतात व चट्टा हळूहळू पसरतो. मात्र मायलिनचे अवशेष त्याच साफ करतात, आणि त्याशिवाय नवे आवरण नीट तयार होत नाही.

उपचार : नॅटॅलिझुमॅब प्रतिकारक पेशींना मेंदूत शिरू देत नाही, फिंगोलिमॉड त्यांना लसीकाग्रंथींतच रोखते, २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ऑक्रेलिझुमॅब बी पेशी हटवते. नॅटॅलिझुमॅब घेणाऱ्या काहींना जेसी विषाणूमुळे मेंदूचा घातक संसर्ग होतो. मेंदूतील प्रतिकारक पेशींची गस्त किती आवश्यक आहे, हे त्यावरून कळते. ही औषधे वारंवार उलटणारा एमएस बऱ्याच अंशी आवरतात. सतत वाढत जाणाऱ्या प्रकारात दाह मेंदूच्या आतच धुमसत असल्याने त्यांचा परिणाम तोकडा पडतो. म्हणून मायक्रोग्लियापर्यंत पोहोचणारे आणि झडलेले मायलिन पुन्हा घडवणारे उपचार शोधणे ही या रुग्णांची सर्वांत मोठी गरज आहे.