शुबर्टच्या गाण्यांतला पियानो

जर्मन कलागीताला ‘लीट’ म्हणतात. एक गायक, एक पियानो आणि एखाद्या कवीची कविता, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. पियानोला नुसती साथ करून भागत नाही. वाहते पाणी, घोड्याच्या टापा, अंगावर येणारा वारा हे सारे तो वाजवून दाखवतो. गाणारा जे ओठांवर येऊ देत नाही तेही कित्येकदा त्याच्याच सुरांतून कळते. फ्रान्झ शुबर्टने (१७९७–१८२८) अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात अशी सहाशेहून अधिक गाणी रचली. व्हिएन्नातल्या मित्रांच्या दिवाणखान्यांत ती गायली जात. पुढे ती गावोगावच्या गायकवृंदांत, रंगभूमीवर आणि जॅझ बँडमध्ये गेली. तिथे त्यांचे काय झाले, हे बहुतेक वेळा पियानोचे काय केले यावर ठरले.

१८२७ साली शुबर्टने ‘विंटररायझे’, म्हणजे ‘हिवाळी प्रवास’, ही २४ गाण्यांची माला रचली. कविता विल्हेल्म म्यूलरच्या. ऋग्वेदाची संहिता संपादित करणारे मॅक्सम्यूलर ते या कवीचे चिरंजीव. वडील गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. कवी आणि संगीतकार यांची भेट कधीच झाली नाही. शुबर्टने ही गाणी मित्रांना स्वतः गाऊन दाखवली तेव्हा त्यांतल्या काळोखाने मंडळी गोंधळून गेली. फ्रान्झ फॉन शोबर हा मित्र एवढेच म्हणाला, की आपल्याला एकच गाणे आवडले, ‘डेअर लिंडेनबाउम’.

लोकांनीही पुढे नेमके तेच उचलले. वेशीबाहेरच्या विहिरीपाशी लिंडेनचे झाड आहे. घर सोडून निघालेला तरुण भर हिवाळ्यात ते आठवतो. मूळ गाण्यात पियानोची जलद लगड पानांची सळसळ उभी करते. पुढच्या कडव्यात चाल मेजरमधून मायनरमध्ये उतरते. मग गार वारा तोंडावर आदळतो, टोपी उडून जाते, आणि इथे चालच मोडते. पियानो उसळून वर येतो. झाड विसाव्याला बोलावत असते, पण तसल्या थंडीत झाडाखाली विसावणे म्हणजे मरणच.

ट्युबिंगेन विद्यापीठाचे संगीत-संचालक फ्रीडरिश झिल्शर यांनी १८४६ मध्ये हे गाणे चार आवाजांच्या पुरुषवृंदासाठी बांधले. शब्द तेच ठेवले, पियानो मात्र काढून टाकला. मायनरचे वळण गेले, आणि वादळाच्या ओळीही पहिल्या कडव्याच्या शांत चालीत गायल्या जाऊ लागल्या. याला मोडतोड म्हणता येईल, पण त्यामागचा हिशेब व्यवहारी होता. त्या काळात जर्मन मुलखात ठिकठिकाणी हौशी पुरुषांचे गायकवृंद निघत होते; सहलीला किंवा मैदानात गाताना पियानो कुठून आणायचा? एकच चाल प्रत्येक कडव्याला फिरली की नोटेशन न वाचणाराही तिसऱ्या कडव्यापर्यंत सुरात सूर मिसळतो. हे गाणे शाळांत, सभांत, घराघरांत पोचले आणि लोकगीत म्हणूनच ओळखले जाऊ लागले. टोमास मानच्या ‘जादूचा डोंगर’ (१९२४) या कादंबरीचा नायक शेवटी रणांगणावर तेच गुणगुणत धावतो.

गुणगुणलेली चाल पियानोत शिरण्याचा उलटा प्रवासही झाला. योहानेस ब्राम्सने १८६८ साली एका परिचित बाईंच्या बाळासाठी अंगाई रचली आणि त्या बाई पूर्वी गात असत त्या गाण्याची नाचरी चाल गुपचूप पियानोच्या भागात विणली. ती अंगाई आज जगभर गायली जाते. पियानोतली ती खूण मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

१९१६ मध्ये व्हिएन्नात शुबर्टच्या चालींवर बेतलेली ‘दास ड्रायमेडरलहाउस’ ही ऑपरेटा आली आणि १९२१ मध्ये तिचे अमेरिकी रूप ब्रॉडवेवर चालले. धंदा जोरात झाला, गाणी गोडगोड झाली. त्यापलीकडे सांगण्यासारखे थोडे.

जॅझची गोष्ट वेगळी. जॅझवादक मुख्य चाल मांडून झाली की स्वरसंघांच्या क्रमावर उत्स्फूर्त वाजवतो. म्हणजे चाल सुटली तरी चालते, पियानोचा सांगाडा सुटून चालत नाही. न्यूयॉर्कचा पियानोवादक युरी केन याने २००० साली संगीतकार शूमानच्या ‘डिख्टरलीबे’ (१८४०) या मालेची जॅझ मांडणी काढली. त्या मालेतले पहिलेच गाणे सुटका न झालेल्या सप्तम स्वरसंघावर थांबते. १८४० च्या कानाला ते अर्धवट वाक्य होते. ब्लूजमध्ये तर सप्तम स्वरसंघावरच मुक्काम असतो. म्हणून जॅझवाल्याला तिथे उपरेपण वाटत नाही. पण श्रोत्याची जी तगमग शूमानला हवी होती, ती जॅझमध्ये टिकवायला वेगळी युक्ती लागते.

१९९३ मध्ये हान्स त्सेंडरने ‘विंटररायझे’तला पियानो अकॉर्डियन, गिटार आणि वाऱ्याचा आवाज काढणारी यंत्रे असलेल्या छोट्या वाद्यवृंदात वाटून दिला. त्याच वर्षी पूर्व टिरोलमधल्या इनरफिलग्राटेन गावात ‘फ्रानुइ’ हा बँड उभा राहिला. हॅकब्रेट, झिथर, ट्यूबा अशी वाद्ये घेऊन ही मंडळी शुबर्ट वाजवतात. अंत्ययात्रेच्या धुना हा त्यांच्या घडणीचा पाया. तीच धून भरभर वाजवली की नाचाची होते, आणि शुबर्टची गाणी या दोन्ही टोकांना सहज जातात.

‘विंटररायझे’तले शेवटचे गाणे आहे ‘डेअर लायरमान’. बर्फात अनवाणी उभ्या राहून चाकाची लायर फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचे. तिथे पियानोचा डावा हात तंबोऱ्यासारखा षड्ज-पंचम धरून बसतो, म्हणजे पियानोच लोकवाद्याची नक्कल करतो. २०१० साली गायिका नताशा मिर्कोविच आणि लायरवादक मातियास लॉइब्नर यांनी अख्खी माला त्याच वाद्याच्या साथीने ध्वनिमुद्रित केली. लायरच्या पट्ट्या एकच चाल वाजवतात, भरघोस स्वरसंघ त्यांना झेपत नाहीत. त्यामुळे ‘लिंडेनबाउम’मधली सळसळ पातळ होते, तर शेवटच्या गाण्यात काहीच बदलावे लागत नाही.