ज्वारी, जोंधळा, शाळू आणि शोधयंत्राची क्रमवारी

एका वस्तूला दोन माणसे एकच नाव देतील याची खात्री नसते. बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेत जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिले. 1987 मधल्या त्यांच्या निबंधानुसार दोघांनी आपापल्या मनाने निवडलेला शब्द जुळण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी होती. शोधयंत्रापुढचा मूळ पेच हाच.

ज्वारीचे उदाहरण घेऊ. जोंधळा हा तिचा समानार्थी शब्द. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, म्हणून तो उपप्रकार. हुरडा, कडबा, खोडमाशी हे नुसते संबंधित शब्द. क्रमवारी वाढवण्याचे सल्ले विकणारे या तिन्हींची सर्रास खिचडी करतात.

समानार्थी शब्द जुळवण्याचे काम बव्हंशी यंत्रच करते. शंभराहून अधिक भाषांतल्या 70 टक्के शोधांवर समानार्थी शब्दांचा परिणाम होतो, असे गूगलने 2010 मध्येच सांगितले होते. 2019 पासून गूगलचे ‘बर्ट’ हे भाषाप्रारूप आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ लावू लागले. तेव्हा ज्वारीसाठी एक पान आणि जोंधळ्यासाठी दुसरे, हा खटाटोप व्यर्थ आहे. एकाच पानावर सुरुवातीला दोन्ही नावे सहज आली की पुरे.

खरी गंमत संबंधित शब्दांत आहे. गूगलचे संपूर्ण सूत्र जाहीर नाही, पण शोधशास्त्राचा पाया उघड आहे. कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये दाखवले की जो शब्द थोड्याच मजकुरांत आढळतो त्याला अधिक वजन द्यावे. ‘पीक’ सगळीकडे असते, ‘पोंगेमर’ (पोंगा वाळणे) मोजक्या ठिकाणी. पुढे स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘बीएम25’ या सूत्रात त्याच शब्दाच्या प्रत्येक पुनरुक्तीचा लाभ घटत जातो. म्हणजे दहाव्यांदा लिहिलेल्या ‘ज्वारी’ने पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. एकदाच आलेले ‘पोंगेमर’ मात्र खोडमाशीने त्रासलेल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाशी पानाची गाठ घालून देते. अर्थात पोंगा का वाळतो हे पानावर सांगितलेले हवे. नुसती शब्दांची पेरणी वाचकाला चटकन कळते, आणि गूगलच्या नियमांत शब्दांची कृत्रिम भरताड गैरच ठरते.

संबंधित शब्दांच्या याद्यांचा ‘एलएसआय कीवर्ड’ नावाचा माल अजून खपतो, हे नवलच. एलएसआय (लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग) हे गणिती तंत्र बेलकोरमध्येच 1980 च्या दशकात, वेब जन्मण्याआधी, मर्यादित संग्रहांसाठी घडले. असे कीवर्ड म्हणून काही नसतेच, असे गूगलच्या जॉन म्युलर यांनी 2019 मध्ये जाहीरपणे सांगितले.

उपप्रकाराच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. ज्वारी आणि शाळू एकाच अर्थाने वापरलेले पान जास्त शोधांत दिसेलही, पण खरिपाची पेरणी जून-जुलैत आणि शाळूची सप्टेंबर-ऑक्टोबरात. पेरणीची तारीख शोधणाऱ्याला असे पान चुकीचा महिना सांगून मोकळे होते.