एक्सएमएल पार्सर आणि दोष-निवेदन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकीय दस्तऐवजात चूक आढळल्यास पार्सरने, म्हणजे तो वाचणाऱ्या आज्ञावलीने, ती स्वतःच सावरून घ्यावी की थांबून सांगावी? प्रस्तुत लेखात एक्सएमएलने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
एसजीएमएल हे मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे घडलेल्या एचटीएमएलची सदोष पाने नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर हे ब्राउझर मुकाट्याने सावरून दाखवीत. परिणामी लेखकाला स्वतःची चूक कळत नसे आणि एकच पान दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसे. म्हणून एक्सएमएलचा मसुदा तयार होत असताना, १९९७ मध्ये, या प्रश्नावर तीव्र वाद झाला. कठोर पक्षाच्या धोरणाला प्राचीन अथेन्सचा कायदेकर्ता ड्रेको याचे नाव चिकटले. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने स्वीकारलेल्या एक्सएमएल १.० मध्ये हाच पक्ष मान्य झाला.

दोषांची वर्गवारी :
उघडलेला टॅग बंद न करणे हा सुघटिततेचा भंग, म्हणजेच घातक दोष होय. वाचलेल्या मजकुरातील असा दोष दोन्ही प्रकारच्या पार्सरांनी कळविलाच पाहिजे. त्यानंतर आणखी दोष शोधण्यास मुभा आहे. मात्र मजकूर नेहमीप्रमाणे पुढे पाठविता येत नाही. दस्तऐवज सुघटित असूनही डीटीडीमध्ये आवश्यक ठरविलेला घटक त्यात नसेल, तर तो वैधतेचा भंग ठरतो. वैधता तपासणाऱ्या पार्सरने तो वापरकर्त्याच्या इच्छेनुसार कळवावयाचा असतो. तेथे काम थांबविण्याची सक्ती नाही. वैधता न तपासणाऱ्या पार्सरवर हे बंधन नाही, तसेच बाह्य घटक-संचिका वाचण्याचेही नाही. त्यामुळे तेथील दोष त्याच्या नजरेतून सुटू शकतात. कठोर नियमातील ही उणीव दुर्लक्षिता येत नाही.

निवेदन आणि श्रोता :
मे १९९८ मध्ये आलेल्या सॅक्स या प्रणालीने सूचना, दोष व घातक दोष असे तीन स्वतंत्र मार्ग दिले. तथापि आज्ञावलीकाराने दोष-ग्राहक नेमला नाही, तर वैधतेचे दोष कोणालाही न कळता विरून जातात. निवेदनाला ऐकणाराही लागतो, हे यातून स्पष्ट होते.

समारोप :
२०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने चुका सावरून घेण्याचीच रीत ठेवली. परंतु ती कशी सावरावी याचे नियम सविस्तर लिहून दिले. दोन्ही मानकांनी मार्ग भिन्न निवडले, तरी चूक प्रत्येकाने आपापल्या मर्जीने झाकू नये, हा धडा दोघांनीही घेतला असे म्हणता येईल.