कोयनेची पहाट

इतिहासात तारीख राहते. त्या दिवशीची हवा मात्र सहसा विसरली जाते. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. ऐन थंडीचे दिवस. रमजानचा महिना, काही घरांत सहरीला उठायची वेळ जवळ आलेली, बाकीची माणसे दारे लावून गोधडीत. पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयना खोरे हादरले. मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. कोयनानगरची बहुतेक घरे पडली. सुमारे १८० माणसे गेली. उन्हाळा असता, तर त्यांतले कितीतरी अंगणात झोपले असते.

धक्का मुंबईपर्यंत जाणवला. कोयनेचे वीजकेंद्र बंद पडले आणि तिकडचा वीजपुरवठा तुटला. दूरच्या शहराला खोऱ्याची बातमी अशी अंधारातून कळली.

१९६२ पासून जलाशय भरू लागला, तेव्हापासून लहान धक्के बसतच होते. मोठ्या धक्क्याने धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. त्याच्या आराखड्यात भूकंपाचा थोडाफार हिशेब धरलेला होता. श्रोतेहो, धरणाशेजारी राहणाऱ्यांच्या भिंतींचाही तसाच हिशेब धरायला हवा, हे त्या पहाटेने शिकवले. दिवा लावताना तेवढे आठवावे.