पहिल्या आवृत्तीचा मोह

१९८० साली वॉशिंग्टनमधला ‘टीन आयडल्स’ हा पोरसवदा मुलांचा पंक बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले काहीशे डॉलर त्यांच्या गाठीला होते. ते वाटून न घेता त्यांनी आठ गाण्यांची सात इंची तबकडी काढली, आणि त्यातून ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ जन्माला आली. प्रती १०००. वेष्टन कसे करतात हे ठाऊक नव्हते. म्हणून एक तयार वेष्टन उकलून त्याचा आकार गिरवला. कापणे, दुमडणे, चिकटवणे सारे हातानेच.

संग्राहक आज धावतो तो त्या हातकामामागे. आम्हांला हा मोह परका नाही. अनियतकालिकांचे जीर्ण अंक आम्हीही कपाटात कुलूपबंद ठेवले आहेतच. पण येथे एक पेच आहे. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी तबकड्या स्वस्त ठेवल्या, कित्येकींच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमतच छापली, संपलेले संगीत पुन्हा काढले. मग पहिल्या हजारांतली प्रत चढ्या भावाने घेणारा नेमके काय जपतो? गाणे तर नव्हेच.

२०१४ साली वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तेथील पंकचा संग्रह सुरू केला. तो सामान्य वाचकासाठीही आहे. आमच्या कपाटाची किल्ली मात्र अद्याप आमच्याच खिशात आहे.