ओझं जास्त झालं की खाली बसणारा लामा

लामा म्हटलं की आपल्याला आधी तिबेटचे दलाई लामा आठवतात. हल्ली रीलमध्ये माणसावर थुंकणारा एक लांब मानेचा प्राणीही दिसतो, त्याचंही नाव लामाच. पोरं हसतात आणि पुढचं रील लावतात. पण मंडळी, याच प्राण्याच्या पाठीवर एक अख्खं साम्राज्य चाललं होतं. आज त्याची गोष्ट.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात साधारण 6,000 ते 7,000 वर्षांपूर्वी लोकांनी ग्वानाको नावाचा रानटी प्राणी माणसाळवला, तोच लामा. उंटाचा भाऊबंद, फक्त मदार नाही. तिकडं बैल नव्हता, घोडा नव्हता, गाढवही नव्हतं. ओझं वाहायला एक तर माणूस, नाहीतर लामा.

इंका राजांनी डोंगरदऱ्यांतून जवळपास 40,000 किलोमीटरचे रस्ते बांधले. त्यावर गाडीचं चाक कधी फिरलं नाही. लामांचे तांडे मका, मीठ, कापड घेऊन चालायचे. एका लामावर फार तर 25-30 किलो. सरकारी कळपांचा हिशेब दोऱ्याच्या गाठींत ठेवला जायचा.

घरातही लामाच. त्याच्या जाड लोकरीची पोती आणि दोर. मांस वाळवून ठेवायचे, त्याला म्हणायचे चार्की. इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द तिथूनच आला. 4,000 मीटर उंचीवर झाडं नाहीत, म्हणून लेंड्या हेच जळण आणि बटाट्याच्या शेताला लेंडीखत. आपल्या उपवासाचा बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला, पोर्तुगीजांमार्फत इकडं आला. लामाचा देवाला बळीही द्यायचे, आणि लाडही करायचे. आपण पोळ्याला बैल सजवतो, तसे तिकडं लामाच्या कानात रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांतही त्यांना लामा दिसायचा. त्याचे डोळे म्हणजे आपण ज्यांना मित्र आणि मित्रक म्हणतो ते दोन तारे. मे महिन्याच्या रात्री दक्षिणेला क्षितिजाजवळ बघा, आपल्याकडूनही दिसतात.

1532 मध्ये स्पॅनिश आले, इंका राजा अताहुआल्पाला पकडलं. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियात पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि लामाचं नशीब फिरलं. सुरुवातीच्या काळात खाणीतलं खनिज खाली आणायला लामा, आणि चांदी समुद्राकडं न्यायलाही लामाच. खाण्यासाठी कापले ते वेगळेच. कळपच्या कळप संपले.

पण या जनावराचा एक स्वभाव आहे. ओझं जास्त झालं की तो खाली बसतो. मग ओढा, मारा, उठत नाही. होसे दे अकोस्ता या जेझुइट पाद्र्यानं 1590 च्या पुस्तकात असल्या रुसलेल्या जनावरांबद्दल लिहून ठेवलंय. त्याच्याशेजारी बसायचं, गोंजारायचं, राग जाईपर्यंत थांबायचं. कधी कधी दोन-तीन तास!

माणसाला मात्र बसायची सोय नव्हती. 'मिता' नावाच्या सक्तीच्या पाळीनं गावागावातून माणसं पोटोसीला पाठवली जायची. बायकापोरं आणि शिधा लादलेले लामा घेऊन ती निघायची. खाणीत मग चामड्याच्या शिडीवरून पाठीवर खनिज घेऊन वर चढायचं. कितीतरी जण परत आलेच नाहीत.

ती चांदी गेली कुठं? स्पेन, युरोप आणि तिथून जहाजांनी हिंदुस्थानात. सुरतेच्या टांकसाळीत अमेरिकी चांदी वितळवून रुपये पाडले जायचे. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्या शहराच्या श्रीमंतीत या चांदीचाही वाटा होता. आपण शाळेत सुरतेची लूट शिकलो, पण तिथली चांदी कुणाच्या पाठीवरून आली हे कुणी सांगितलं नाही.

पुढं खेचरं आली, मग ट्रक आले. तरी पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात लामा अजून आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2024 हे वर्ष उंट, लामा, अल्पाका या कुळासाठी जाहीर केलं होतं. आपल्याकडं त्याची बातमी फारशी कुठं झाली नाही, माझ्याकडूनही राहिली. म्हणून आज हे लिहिलं.

चांदी किती निघाली याचे आकडे वह्यांत सापडतात. ती वाहणाऱ्यांची नावं सापडत नाहीत. पुढच्या वेळी लामाचं रील आलं तर हसा जरूर, पण एवढं लक्षात ठेवा, की झेपत नसेल तर खाली बसायचं हे त्या मुक्या जनावराला कळत होतं. खाणीतल्या माणसाला तो हक्कच नव्हता.